आठवा सर्व्हर

१ ऑगस्ट २०१२, बुधवार. सकाळी साडेनऊ ते सव्वादहा या पाऊण तासात नाइट कॅपिटल या अमेरिकी ब्रोकर कंपनीने ४६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम घालवली. तेव्हाच्या दराने सुमारे अडीच हजार कोटी रुपये. चोरी झाली नव्हती, कुणी बाहेरून शिरले नव्हते, कुणी सट्टाही खेळला नव्हता. आठ सर्व्हरपैकी एकावर नव्या कोडची प्रत पोहोचली नव्हती.

पुढचा बहुतेक तपशील अमेरिकी रोखे आयोगाच्या आदेशात नोंदलेला आहे. वेळा न्यूयॉर्कच्या आहेत. मुंबईचे घड्याळ त्या दिवसांत साडेनऊ तास पुढे होते, म्हणजे हे सगळे आपल्याकडे संध्याकाळी सात ते पावणेआठच्या दरम्यान घडत होते.

२००३

जर्सी सिटी, न्यू जर्सी. समोर हडसन नदी, नदीपलीकडे मॅनहॅटन. इथे नाइटचा ‘स्मार्स’ नावाचा संगणकीय मार्गदर्शक चालतो. ग्राहकाची मूळ ऑर्डर घ्यायची, गरजेप्रमाणे तिचे तुकडे करायचे आणि त्या पोट-ऑर्डरी निरनिराळ्या बाजारांत पाठवायच्या, हे त्याचे काम. वेग सेकंदाला हजारो ऑर्डरींचा.

स्मार्समध्ये ‘पॉवर पेग’ नावाची एक सोय आहे. या वर्षी कंपनी ती वापरणे थांबवते. कोड मात्र सर्व्हरवरच राहतो आणि हाक मारली तर ओ देण्याच्या स्थितीत राहतो.

जुना कोड कुणी काढत का नाही, हे या धंद्यात विचारायचे नसते. काढला आणि काही मोडले तर नाव आपले लागते. ठेवला तर निदान आज तरी काही होत नाही.

२००५

पॉवर पेगच्या कोडमध्ये एक मोजणी होती. पोट-ऑर्डरींतून किती शेअर घेतले किंवा विकले गेले याची ती बेरीज ठेवायची. मूळ ऑर्डर भरली की पुढच्या पोट-ऑर्डरी थांबायच्या.

या वर्षी ही मोजणी तिथून उचलून स्मार्सच्या क्रमात आधीच्या टप्प्यावर नेली जाते. त्यानंतर पॉवर पेग पुन्हा चालवून पाहिला जात नाही. कोणी वापरतच नाही, तर तपासायचा कशाला?

आता त्या कोडला सुरुवात आहे, शेवट नाही.

१४ जुलै २०११

आयोगाचा बाजारप्रवेश नियम लागू होतो. ब्रोकरने ऑर्डर बाजारात सोडण्याआधी तिला आपोआप अडवू शकतील अशा आर्थिक मर्यादा त्याच्याकडे असल्या पाहिजेत, आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने त्याची दरवर्षी लेखी ग्वाही दिली पाहिजे. नाइट २०१२ ची ग्वाही देते. त्यात नियम पाळण्याच्या प्रक्रिया आहेत असे लिहिलेले असते. मर्यादा खरोखर नियमानुसार आहेत असे लिहिलेले नसते.

ऑक्टोबर २०११

शनिवार-रविवारी नाइट आपत्तीत कामकाज सावरण्याची रंगीत तालीम घेते. तालमीसाठी खोटे आकडे वापरले जातात. सोमवारी सकाळी बाजार उघडतो तेव्हा कंपनीचा एक विभाग त्याच खोट्या आकड्यांवरून खरे भाव देत असतो. तोटा सुमारे ७५ लाख डॉलर.

ती चूक दुरुस्त होते. चुकीचे काही बाजारात चालू लागले तर ते ताबडतोब बंद कसे करायचे, हा त्यामागचा मोठा प्रश्न तसाच राहतो.

१७ ते १९ जून २०१२

ही नोंद दुसऱ्या खंडातली आहे, नाइटशी तिचा संबंध नाही. तरी ती इथेच हवी.

रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या मेनफ्रेमवर रात्रीची कामे ठरलेल्या क्रमाने लावणारे सॉफ्टवेअर असते. दिवसभराचे जमाखर्च त्या कामांतून खात्यांवर चढतात. रविवारी १७ जूनला त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली जाते. काही अडचणी दिसतात. मंगळवारी १९ जूनला निर्णय होतो: नवी काढा, जुनी परत आणा. काढल्याने काय होईल याची चाचणी आधी घेतली जात नाही. नवी आणि जुनी आवृत्ती एकमेकींशी जुळत नाहीत, हे रात्रीची कामे कोसळल्यावर कळते.

बँकेचे प्रमुख स्टीफन हेस्टर यांनी नंतर ब्रिटिश संसदेच्या समितीला कळवले की काम कुठपर्यंत येऊन थांबले होते याची नोंदच दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती लागत नव्हती. कुठे थांबलो ते कळल्याशिवाय पुढे कसे जाणार? ६५ लाख ग्राहकांना झळ बसली. याच गटातल्या अल्स्टर बँकेचा घोळ १० जुलैपर्यंत चालला.

बिघाड झाला की आधीच्या आवृत्तीवर परत जायचे, हे संगणकवाल्यांच्या हातात इतके मुरलेले आहे की परत जिथे जायचे ती जागा अजून सुरक्षित आहे का, हे पाहायचे राहून जाते. जूनमधले हे प्रकरण ब्रिटनभर गाजले होते. सहा आठवड्यांनी अटलांटिकच्या पलीकडे तेच पाऊल उचलले गेले.

३ जुलै २०१२

किरकोळ गुंतवणूकदारांच्या ऑर्डरींसाठी न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची एक नवी योजना रोखे आयोग मंजूर करतो. सुरुवात १ ऑगस्टला. पहिल्या दिवसापासून भाग घ्यायचा तर नाइटला स्मार्समध्ये नवा कोड लिहून, तपासून, बसवावा लागणार. हाती महिनाही नाही.

नव्या कोडला एक फ्लॅग लागतो: ऑर्डरवर लावायची खूण. ही खूण असेल तर ऑर्डर नव्या योजनेत जाईल. नवी खूण तयार करण्याऐवजी जुनी, बिनवापराची एक खूण पुन्हा कामाला घेतली जाते.

ती पूर्वी पॉवर पेग चालू करण्यासाठी होती.

बेत चुकीचा नाही. नवा कोड जुन्याच्या जागी बसणार, पॉवर पेग कायमचा जाणार आणि खुणेचा अर्थ बदलणार. फक्त हा बदल आठही सर्व्हरवर झाला पाहिजे. एकावर जुना अर्थ शिल्लक राहिला तर तीच खूण एका यंत्राला एक सांगेल आणि दुसऱ्याला भलतेच.

२७ जुलै २०१२, शुक्रवार

नवा कोड टप्प्याटप्प्याने बसवायला सुरुवात होते. आज थोड्या सर्व्हरवर, पुढच्या दिवशी आणखी थोड्या. सावधगिरीची रीत म्हणून हे योग्यच आहे.

या दिवसांत केव्हातरी एका तंत्रज्ञाकडून एका सर्व्हरवर प्रत टाकायची राहते. दुसरा कुणी ते पडताळून पाहत नाही. दुसऱ्याने पाहावे असा लेखी नियमच नसतो.

कोडच्या आवृत्त्या जपणारे भांडार कितीही चोख असो, कोणत्या दिवशी काय लिहिले गेले एवढेच ते सांगते. आठव्या यंत्रावर आत्ता काय चालू आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते यंत्रालाच विचारावे लागते. मेनफ्रेमच्या जगात ही विचारपूस जुनी आहे. आयबीएमच्या झेड/ओएसवर दुरुस्ती बसवायची तर ‘एसएमपी/ई’ तिचे चोपडे ठेवते: काय आले, कुठे बसवले, काय कायम केले, कशाला कशाची गरज आहे. आधीची पायरी नसेल तर पुढची बसू देत नाही. त्या जगातली माणसे अधिक हुशार असतात असे नाही (रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या एडिनबरोतल्या चमूने ते दाखवलेच), पण कुठे काय बसवले हे लक्षात ठेवायचे काम निदान एका माणसाच्या डोक्यावर सोडलेले नसते.

जर्सी सिटीत सात सर्व्हर नवे आहेत. आठवा २००५ चा आहे.

३१ जुलै २०१२, मंगळवार, दुपारी ४:००

बाजार बंद होतो. नाइटच्या स्वतःच्या शेअरचा बंद भाव १०.३३ डॉलर. अमेरिकेतल्या नोंदणीकृत शेअरांच्या एकूण उलाढालीतला सुमारे दहावा हिस्सा या कंपनीच्या हातून जातो. २०११ सालचा निव्वळ नफा सुमारे ११.५ कोटी डॉलर.

१ ऑगस्ट २०१२, सकाळी ८:०१

बाजार उघडायला ८९ मिनिटे आहेत. उघडण्याआधीच्या व्यवहारांसाठी काही ऑर्डरी स्मार्सकडे येऊ लागतात. कंपनीची अंतर्गत यंत्रणा एक ईमेल पाठवते. त्यात स्मार्सचा उल्लेख आहे आणि एका त्रुटीचे वर्णन: ‘पॉवर पेग बंद’.

नऊ वर्षे कोणी उच्चारले नसेल असे नाव बऱ्याच जणांच्या टपालपेटीत येऊन पडते.

८:०१ ते ९:३०

असे ९७ ईमेल जातात. सरासरी मिनिटाला एकाहून थोडे जास्त.

ते धोक्याचा इशारा म्हणून आखलेले नसतात. असे ईमेल आल्या आल्या उघडून पाहण्याची पद्धतही नसते. ज्यांना जातात त्यांच्यात यंत्रणेची माहिती असणारे लोक आहेत. त्यातला एक जरी वाचून ‘हा पॉवर पेग कुठून आला?’ असे कुणी विचारले असते, तर उत्तर शोधायला तासाहून अधिक वेळ होता. एका सर्व्हरची एक फाइल पाहायची होती.

कंपनीचे प्रमुख थॉमस जॉइस आज कार्यालयात नाहीत. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, ते घरी आहेत.

९:३०:००

घंटा होते. नव्या योजनेचा पहिला दिवस सुरू होतो.

खूण लावलेल्या ऑर्डरी आठही सर्व्हरकडे वाटल्या जातात. सात सर्व्हर त्या नव्या योजनेत टाकतात. आठवा तीच खूण वाचतो आणि पॉवर पेग चालू करतो.

तो पहिली पोट-ऑर्डर पाठवतो. ती भरते. दुसरी पाठवतो. तीही भरते. मूळ ऑर्डर केव्हाच पुरी झाली आहे, पण ते सांगणारी मोजणी सात वर्षांपूर्वी इथून हलवली आहे. तो पाठवत राहतो.

९:३० नंतरची पहिली मिनिटे

शेअर येऊ लागतात, आणि हातात नसलेले शेअर विकलेही जाऊ लागतात. ते ज्या ग्राहकांच्या नावावर पडायचे त्यांच्या ऑर्डरी तर भरून झालेल्या. यंत्रणेला जुळणी सापडत नाही. अशा बेवारस व्यवहारांसाठी कंपनीचे एक खाते आहे, ‘३३’ क्रमांकाचे. सगळे तिथे साचू लागते.

या खात्याला मर्यादा आहे: २० लाख डॉलर. ती कागदावर आहे. ऑर्डरींना अडवू शकणाऱ्या कोणत्याही स्वयंचलित कुलपाला ती जोडलेली नाही.

व्यवहारांनंतर साठा दाखवणारा एक पडदाही आहे, ‘पीमॉन’. त्यावर आकडे दिसतात, मर्यादा दिसत नाहीत. कोणत्या खात्याला किती मुभा आहे हे पाहणाऱ्याने पाठ ठेवायचे. तो स्वतःहून ओरडत नाही. व्यवहार फार वाढले की मागे पडतो आणि चुकीचे आकडे दाखवतो. आज व्यवहार फार वाढले आहेत.

९:४५

मे २०१० मध्ये बाजार काही मिनिटांत कोसळला होता. त्यानंतर प्रत्येक शेअरसाठी आपत्कालीन ब्रेक आला: पाच मिनिटांत भाव ठराविक टक्क्यांहून जास्त हलला तर त्या शेअरचे व्यवहार थोडा वेळ थांबवायचे. हा ब्रेक तेव्हा ९:४५ ला लागू व्हायचा. बाजार उघडताना भाव तसेही उड्या मारतात, म्हणून पहिली पंधरा मिनिटे त्यातून वगळली होती.

ती पंधरा मिनिटे होऊन गेली आहेत. विझार्ड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीचा शेअर काल साडेतीन डॉलरला बंद झाला होता. आज सकाळी तो १४.७६ डॉलरपर्यंत जातो.

ब्रेक असला तरी तो भाव पाहतो. एकच ब्रोकर दीडशे शेअरांत एकदम, पण प्रत्येकात थोडे थोडे उलटेसुलटे करत असेल, तर त्याला पकडणे हे त्याचे काम नाही.

९:४५ च्या आगेमागे

नाइटमध्ये आता कळले आहे की स्मार्समधून काहीतरी भलते जाते आहे. सगळे बंद करावे का? कुणी करावे, केव्हा, कुणाच्या परवानगीने? अशा प्रसंगासाठी लिहून ठेवलेली कार्यपद्धती नाही. तंत्रज्ञांना बाजार चालू असतानाच कारण शोधायला लावले जाते.

संगणकाच्या खोलीतल्या सवयीची ही गोष्ट आहे. कारण शोधणे हे हुशारीचे काम वाटते, वायर ओढणे हे अडाण्याचे. शिवाय दहावा हिस्सा बाजार तुमच्या हातून जात असताना वायर ओढणे म्हणजे चारचौघांत कबुली देणे.

९:३० ते १०:१५ च्या मधे, एक निर्णय

काल चालत होते, आज बिघडले. मधे काय बदलले? नवा कोड. मग नवा कोड काढा.

हा तर्क ऐकायला बिनचूक आहे. जगातल्या दहा अनुभवी माणसांना विचारले असते तर बहुतेकांनी हेच सांगितले असते.

सात सर्व्हरवरून नवा कोड काढला जातो. ज्या सातांवर तो बरोबर बसला होता, त्या सातांवरून.

ऑर्डरींवर खूण लावणे मात्र चालूच आहे. आता ती खूण आठही यंत्रांवर जुन्या अर्थाने वाचली जाते. नव्याने येणाऱ्या ऑर्डरी त्या सात सर्व्हरवरही पॉवर पेग जागा करतात.

कोणत्या सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे याची एक यादी त्या क्षणी समोर असती, तर सात एकीकडे आणि एक दुसरीकडे हे एका नजरेत दिसले असते. मग नवा कोड काढायचा नव्हता, आठव्यावर टाकायचा होता.

१०:००

अर्धा तास झाला. सरासरी काढली तर सेकंदाला सुमारे दीड हजार सौदे होत आहेत आणि मिनिटाला एक कोटी डॉलर जात आहेत.

१०:१५

स्मार्स थांबतो.

ग्राहकांकडून आलेल्या ऑर्डरी: २१२. सगळ्या छोट्या, किरकोळ गुंतवणूकदारांच्या.

त्या पुऱ्या करताना झालेले सौदे: ४० लाख. शेअर: ३९ कोटी ७० लाखांहून अधिक. कंपन्या: १५४.

८० कंपन्यांचे सुमारे ३५० कोटी डॉलरचे शेअर नाइटने विकत घेतलेले आहेत. ७४ कंपन्यांचे सुमारे ३१५ कोटी डॉलरचे शेअर हातात नसताना विकलेले आहेत. ७५ शेअरांच्या उलाढालीत नाइटचा वाटा २० टक्क्यांहून जास्त होता आणि त्यांचे भाव ५ टक्क्यांहून अधिक हलले. त्यातल्या ३७ मध्ये निम्म्याहून अधिक उलाढाल एकट्या नाइटची होती, आणि भाव १० टक्क्यांहून अधिक हलले.

‘३३’ खात्याची मर्यादा अजून २० लाख डॉलरच आहे.

१ ऑगस्ट, दिवसभर

न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज ९:३० ते १०:१५ मधले सौदे तपासायला घेते. रद्द करायचे तर नियम स्पष्ट आहे: उघडतानाच्या भावापासून ३० टक्के किंवा अधिक दूर गेलेलेच सौदे रद्द होतील. त्यात सहा कंपन्या बसतात. विझार्ड त्यातली एक. बाकीचे सौदे कायम राहतात, कारण समोरच्या बाजूला ज्यांनी खरेदी-विक्री केली त्यांनी काही चूक केलेली नाही.

साचलेला साठा नाइटला दिवसाअखेर बाळगता येणार नाही. तो गोल्डमन सॅक्सला सवलतीत विकला जातो. नाइटचा शेअर ६.९४ वर बंद होतो.

२ ऑगस्ट

कंपनी जाहीर करते: तोटा सुमारे ४४ कोटी डॉलर. आयोगाच्या आदेशात हा आकडा पुढे ४६ कोटींच्या वर जातो. वर्षभराच्या नफ्याच्या जवळजवळ चौपट. शेअर २.५८ वर बंद होतो. दोन दिवसांत चार हिश्श्यांतले तीन हिस्से गेले.

६ ऑगस्ट, सोमवार

जेफरीज, ब्लॅकस्टोन, गेटको, टीडी अमेरिट्रेड, स्टिफेल आणि स्टीफन्स मिळून ४० कोटी डॉलर घालतात. बदल्यात कंपनीचा सत्तर टक्क्यांहून अधिक हिस्सा त्यांच्याकडे जातो. कंपनी वाचली, मालक बदलले.

१ जुलै २०१३

गेटको आणि नाइट यांचे विलीनीकरण पूर्ण होते. नव्या कंपनीचे नाव केसीजी होल्डिंग्ज. नाइट कॅपिटल ही स्वतंत्र कंपनी म्हणून उरत नाही.

१६ ऑक्टोबर २०१३

रोखे आयोग नाइटला १ कोटी २० लाख डॉलर दंड करतो. बाजारप्रवेश नियमाखालची ही पहिली कारवाई. कंपनी आरोप मान्यही करत नाही आणि नाकारतही नाही. दंड भरते. १ ऑगस्टच्या सकाळच्या वेगाने ती रक्कम सत्तर सेकंदांची होती.